बकऱ्याचा होकार

"सर, एक सांगू का? राग नाही ना येणार?" असं म्हणत सदाशिवरावांनी देवीलालला जिन्यात गाठलं, तेव्हा देवीलालच्या हातात पालकाच्या दोन जुड्या होत्या आणि डोक्यात काहीच नव्हतं. असं विचारणाऱ्याने राग येण्याजोगं काहीतरी घरूनच तयार करून आणलेलं असतं, हे वीस वर्षांच्या प्राध्यापकीत त्याला कळून चुकलं होतं. तरी तो "बोला ना" म्हणाला. सदाशिवराव दुसऱ्या मजल्यावर राहायचे. जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी सगळी इमारतच एखाद्या फायलीसारखी चाळायला घेतली होती. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, मग आवाज उतरवला. "तुमच्या मातोश्री रोज मटणाच्या दुकानात बसून राह्यतात. अकराच्या सुमाराले. आर्णी रोडवर तो रामधन खाटीक नाही का, त्याच्याइथं. सोताच्या डोयानं पाह्यलं. आता मी तिथं कायले गेलतो ते नका विचारू, माह्या जावयाले लागते."

देवीलाल "बरं" म्हणाला. पालक त्याने या हातातून त्या हातात घेतला. खाली फाटकापाशी निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत पाटी होती : या इमारतीत मांसाहार आणला किंवा शिजवला जात नाही. ती ओळ त्याचीच होती. सोसायटीच्या मसुद्यात 'आणल्या जात नाही' असं लिहिलं होतं, ते त्याने दुरुस्त केलं होतं आणि त्याबद्दल त्याला चहाही मिळाला होता. फ्लॅट बघायला आला त्या दिवशी बिल्डरच्या माणसाने 'आडे' हे आडनाव ऐकून कागदावरून पेन उचललं होतं आणि "म्हणजे तांड्यावरले का?" असं अगदी प्रेमाने विचारलं होतं. "हो, पण मी शाकाहारी आहे," देवीलाल म्हणाला होता. पेन पुन्हा कागदावर टेकलं होतं. त्या वाक्यातला 'पण' त्याला पुढे अधूनमधून आठवायचा, बहुतेक दाढी करताना, आणि मग तो नळ जरा मोठा सोडायचा. आता त्याला वाटलं, आईला मटणाची इच्छा होते, हे उघडच आहे. सत्तर वर्षं जे खाल्लं ते जीभ दोन वर्षांत कशी विसरेल? मग ती दुकानात बसून काय करत असेल? तिथेच खात असेल? कच्चं? या शेवटच्या विचाराची त्याला इतकी लाज वाटली की तो दोन पायऱ्या एकदम चढला.

दार उज्ज्वलाने उघडलं. तिच्या हाताला कणीक होती. "आई?" त्याने विचारलं. "गेल्या की पिशवी घेऊन." "कसली पिशवी?" "सालांची," उज्ज्वला म्हणाली, आणि नवऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट तो मुद्दाम विचारतोय अशा नजरेने तिने त्याच्याकडे पाहिलं. "दुधीची सालं, कोबीचा वरचा पाला, मटाराची टरफलं. रोजच नेतात. मला वाटलं कुठे गाय-बिय असेल." देवीलाल दारातच उभा राहिला. गच्चीवर त्याचा खताचा हौद होता. घरातला ओला कचरा घरातच जिरवायचा, या विषयावर तो तालुक्या-तालुक्यांत बोलायचा. उमरखेडला बोलला होता, महागावला बोलला होता. गेल्या काही महिन्यांत हौद भरेनासा झाला, तेव्हा त्याने त्यातूनही एक निष्कर्ष काढला होता. 'आमच्या घरी आता कचराच होत नाही,' असं तो मागच्या पंधरवड्यात भर सभेत म्हणाला होता आणि समोर बसलेल्या कॉलेजच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या होत्या. "त्यांनी कधी मटण मागितलं का तुझ्याजवळ?" त्याने विचारलं. उज्ज्वला जरा विचार करून म्हणाली, "त्यांनी काहीच मागितलं नाही कधी. मीठसुद्धा नाही." तो तसाच उलटा फिरला. पालक हातातच राहिला होता, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो फाटकाबाहेर पडला होता आणि परत जाणं बरं दिसलं नसतं.

रस्त्यावर ऊन चढलं होतं. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या, आणि झाडांच्या काट्यांना, तारांना, विजेच्या खांबांना पांढरे पुंजके लटकले होते, एखादी मोठी पांढरी मेंढी शहरातून अंग घासत गेली असावी तसे. ती सगळी वर्षं कापसाची होती. शेतकऱ्यांचे हाल पाहायला दिल्लीहून माणसं यायची, मुंबईहून यायची, मुकुटबनपर्यंत गाड्या जायच्या, आणि प्रत्येकाला विश्रामगृहावर कोणीतरी जाणकार माणूस भेटवावा लागायचा. देवीलाल जाणकार होता. तांड्यात जन्मलेला, अर्थशास्त्र शिकवणारा, शिवाय शाकाहारी. असा माणूस पाहुण्यांना एकदम पटायचा. एक किलो मटणामागे किती हजार लिटर पाणी लागतं आणि एक किलो तुरीमागे किती, हे त्याला तोंडपाठ होतं. एका शेळीच्या चाऱ्याच्या जागेत किती माणसांचं पीक निघेल, हेही. आकडे खोटे नव्हते. फक्त ते ज्या जमिनीचे होते ती जमीन कुठेतरी दुसरीकडे होती. त्याच्या घरची सहा एकर ही बरड होती. टेकाडाचा उतार, वर मुरूम, मुरुमावर बोटभर माती, आणि त्या मातीत हिवर, बोर, काटेरी झुडपं. तिथे तूर कधीच आली नव्हती. तिथे आईच्या, मानीबाईच्या, सत्तावीस शेळ्या यायच्या. पाणी लागायचं ते डबक्यातलं, चारा लागायचा तो कोणी न लावलेला. पण हे वाक्य कुठल्याही तक्त्यात बसत नव्हतं, म्हणून तो ते कधी बोलला नाही. खरं तर त्याला ते सुचलंसुद्धा नव्हतं. ते त्याला आत्ता सुचत होतं, आर्णी रोडच्या कडेला, हातात पालक घेऊन.

वडील, धरमसिंग, गेल्यावर तो तांड्यावर चार दिवस राहिला होता. धाकटा भाऊ श्रावण म्हणाला, "भाऊ, बरडावर कापसाचं नवं बियाणं लावू. समदे लावून राह्यले. पन शेळ्या हायेत तंवर पऱ्हाटीचं एक पान ठिवत नाहीत." देवीलालला ते पटलं, आणि पटण्यात एक वेगळीच गोडी होती, कारण शेळ्या गेल्या की घरातलं कापणंही जाणार होतं. भावाचा फायदा आणि त्याची अहिंसा एकाच दिशेने चालली होती. असं फार वेळा घडत नाही. तो आईजवळ बसला. ती अंगणात एका पिलाच्या खुराला हळद लावत होती. तो मराठीत बोलायचा, ती तांड्याच्या गोरबोलीत उत्तर द्यायची आणि दोघांची गाठ पडायची ती मध्ये कुठेतरी वऱ्हाडीत. "याडी, किती दिवस फिरशील यांच्या मागं? गुडघे गेले तुझे. यवतमाळला चल. येशील ना?" तिने बोट पुन्हा हळदीत बुडवलं. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं, जास्त गोड करून. ती पिलाचं दुसरं खूर बघत होती. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "लोक विचारतात मला. पोरगा प्राध्यापक आणि माय शेळ्या वळते. मला तोंड दाखवायला जागा राहत नाही." मानीबाईच्या अंगावरून काहीतरी सरकलं. खांदे हलले. ती उठली, हळदीचा हात फेटियाच्या, म्हणजे घागऱ्याच्या, घेराला पुसला, आणि गाठोडं बांधायला आत गेली. तो बाहेर येऊन श्रावणला म्हणाला होता, "झालं. तयार झाली." आणि श्रावणने सुटकेचा श्वास टाकला होता. गाडीत बसताना तिने फेटिया-कांचळी सोडून उज्ज्वलाने आणलेलं लुगडं नेसलेलं होतं. तेही तिला कोणीतरी विचारलंच असणार.

रामधनचं दुकान म्हणजे टिनाचं छप्पर, पुढे लाकडी ओंडका, मागे पोत्याचा पडदा. बाजूच्या कडुनिंबाला एक काळं बकरं बांधलेलं आणि कडुनिंबाच्या पारावर मानीबाई. मांडीवर पिशवी. ती मटाराची टरफलं एकेक करून बकऱ्याच्या तोंडाशी धरत होती आणि दुसऱ्या हाताने त्याच्या शिंगांच्या मधलं, नेमकं जिथे बकऱ्याला स्वतःला खाजवता येत नाही ते ठिकाण, खाजवत होती. बकऱ्याचे डोळे अर्धे मिटले होते. तिचेही. देवीलाल रस्त्याच्या पलीकडेच थांबला. त्याच्या घरात दोन वर्षांत त्याने तिचा हा चेहरा पाहिला नव्हता. खरं म्हणजे हा चेहरा तो विसरूनही गेला होता, आणि या शहरात, जिथे त्याने तिची सगळी सोय केली होती, तिला शेळी भेटायची एकच जागा होती आणि ती ही होती. ती मटणासाठी येत नव्हती. त्याच्या डोक्यात इतका वेळ मटणच होतं. तिच्या डोक्यात नव्हतंच. पस्तीस-छत्तीस वर्षं मांसाला न शिवलेल्या माणसाच्या मनात दिवसभर मांसाचाच विचार चालतो, ही गोष्ट त्याला कोणत्याही सभेत सांगता आली नसती.

"या सर, या!" रामधनने ओळखलं कसं कोण जाणे. "मावशी म्हणे माहा पोरगा कालेजात शिकोते. मले वाटलं बुढी लंब्या मारून राह्यली. पालक कायले आनला? आमी कोथिंबीर फुकट देतो." त्याच्या दुकानापाशी एक गिऱ्हाईक डबा घेऊन उभं होतं, ते हसलं. मानीबाईने मान वर करून पाहिलं. ती दचकली नाही. पकडलं गेल्यासारखी तर मुळीच वाटली नाही. तिने पाराच्या दगडावर जरा सरकून जागा केली आणि म्हणाली, "बस." देवीलाल बसला. बकऱ्याने टरफल सोडून पालकाच्या जुडीला तोंड लावलं. एवढ्या वेळात त्याच्या हातून तीच पहिली उपयोगाची गोष्ट घडली.

"तुमच्या मातोश्रीनं माह्या धंद्याची पार वाट लावली, सर," रामधन सुरी कापडाला पुसत म्हणाला. त्याच्या तक्रारीत कौतुक मिसळलेलं होतं. "पैल्या दिवशी आली. बसली बकऱ्यापाशी. म्हणे पानी दे. म्या म्हटलं उन्हाची आली असंन, गिलास भरून देला. तर पेली नाही. बकऱ्याच्या पाठीवर सोडलं ना! त्यानं आंग झाडलं, तशी म्हणते, 'आता काप.' म्या म्हटलं, हे काय नवीन? पन तवापासून तिनं पानी टाकल्याबिगर माहा हातच चालत नाही. सवय झाली. गिऱ्हाईकबी इचारतात, मावशीचं बकरं हाय का म्हून. आन् आता हे पाहा." त्याने काळ्या बकऱ्याकडे सुरी दाखवली. "नऊ दिवस झाले. आंगच झाडत नाही. याच्या मागून आले ते सात गेले, हा जागचा हालत नाही. खाऊन खाऊन गोऱ्हा झाला. उद्या इतवार हाय, सर. तुमीच सांगा."

"नाही म्हणून राह्यलं ते," मानीबाई म्हणाली.

"अवं मावशी, बकरं बोलते का कधी?"

"बोलत नाही म्हणूनच पाहा लागते."

गिऱ्हाईक पुन्हा हसलं. देवीलालला हसू आलं नाही. बकऱ्याचा कान त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता. लांब, खाली पडलेला, आतून फिकट गुलाबी, कडेला बारीक केस. त्या कानाकडे पाहताना त्याला उन्हात गार वाटायला लागलं. तो नऊ वर्षांचा होता. श्रावण तापाने दोन आठवडे फणफणत होता, आणि धरमसिंगने देवीला बकरा बोलला होता. बकरा चांद्या. कपाळावर पांढरा ठिपका. त्याची आई व्याल्यावर मेली, म्हणून देवीलालने त्याला चिंधी दुधात बुडवून वाढवलं होतं. तांड्याबाहेर पांढऱ्या झेंड्यापाशी सगळे जमले. बकऱ्याच्या पाठीवर तांब्याने पाणी सोडायचं. त्याने अंग झाडलं तर देवीने नवस घेतला, नाही झाडलं तर नाही घेतला, आणि मग त्याला कापायचं नाही. दोर देवीलालच्या हातात दिला होता, कारण चांद्या त्याच्याजवळच शांत राहायचा. पहिला तांब्या झाला. चांद्या उभा. दुसरा झाला. चांद्या देवीलालचा सदरा चावत उभा. नायक, तांड्याचा म्हातारा प्रमुख, हळूच म्हणाला, "देवीच्या मनात नाही." सगळ्यांनी मानीबाईकडे पाहिलं, आणि मानीबाईने मांडीवरच्या श्रावणकडे. श्रावणचे डोळे वर गेले होते. तिसरा तांब्या ओतला तेव्हा थोडं पाणी देवीलालच्या मुठीत आलं. नदीत डुंबताना कानात पाणी गेलं की कसं होतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याने चांद्याचं डोकं कुशीत घेतलं, माया करतोय असं दाखवून, आणि मूठ कानावर धरून जराशी सैल केली. चांद्या कानापासून शेपटीपर्यंत थरथरला. पाण्याचे शिंतोडे सगळ्यांच्या तोंडावर उडाले. केवढा गलका झाला! संध्याकाळी रक्ताची सळोई शिजली, तांडाभर वाटली गेली. देवीलालने पोट दुखतंय म्हणून खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही दुखलं. पाचव्या दिवशी श्रावणचा ताप उतरला. पुढे अमरावतीला होस्टेलात 'तू कसा काय शाकाहारी?' असं पोरं विचारायची, तेव्हा त्याने 'वाचनातून' असं उत्तर द्यायला सुरुवात केली. सांगता सांगता ते खरं झालं, पाण्याचे आकडे आले, भाषणं आली, निळी पाटी आली.

"तुनं तवा कानात पानी सोडलं होतं," मानीबाई म्हणाली. बकऱ्याच्या गळ्याखाली तिचा हात चालूच होता. आवाज इतका साधा होता की रामधनने इकडे पाहिलंही नाही. "मुठीत धरलं होतं. मी पाह्यलं."

देवीलालने बकऱ्याच्या कानावरून नजर काढली. "मग बोलली काहून नाही?"

"श्रावण मांडीवर होता नं."

कापसाची एक गाडी गेली. दोघांच्या मध्ये एक पांढरा पुंजका येऊन बसला, बकऱ्याने तो हुंगला आणि सोडून दिला. "म्या खाल्लं चांद्याचं मटण," मानीबाई म्हणाली. "डोयाले पानी येऊन राह्यलं होतं आन् खाऊन राह्यली होती. म्हटलं, आपल्या पोरासाठी घेतला ना त्याचा जीव, मंग आपुनच खाव. तुनं नाही खाल्लं. आजलोक नाही खाल्लं." ती थांबली. रागावलेली नव्हती, सोपं करून कसं सांगावं, हे शोधत असावी. "तुले वाटलं, नाही खाल्लं म्हंजे झालं."

त्याला खूप काही म्हणायचं होतं, आणि त्यातलं बरंचसं भाषणांतून आधीच वापरून झालेलं होतं. त्याला तो अंगणातला तिसरा दिवस दिसला, हळदीचा हात, हललेले खांदे, आणि आपण बाहेर येऊन 'तयार झाली' म्हणालो तो स्वर. तोच स्वर होता. नऊ वर्षांच्या पोराने 'झाडलं, झाडलं!' म्हणून ओरडून पहिल्यांदा तोच काढला होता. "याडी," तो म्हणाला, "तांड्यावर जायचं का तुले? जाऊ. आजच जाऊ. शेळ्या घेऊन देतो मी."

"चारू कुठं?" मानीबाई म्हणाली. "श्रावणनं बरड नांगरला. हिवर तोडले, बोरी तोडल्या. दोन पावसाळ्यात माती नाल्यात गेली. औषध मारून मारून त्याचे हात सोलले, पाखरं मेली, तितरं मेली, मधाचे पोळे गेले. आता तिथं पऱ्हाटीबी होत नाही आन् पालाबी नाही. मुरूम हाय नुस्ता. शेळी काय मुरूम खाईन?" मेलेल्या तितरांचा हिशेब कोणाच्या आहारात धरायचा, हे देवीलालने कुठल्याच तक्त्यात पाहिलं नव्हतं. ज्या घरातला प्राणी कापायचा थांबावा म्हणून त्याने इतकं केलं, त्या घरापुढच्या टेकाडावर आता प्राणीच नव्हता. ते अगदी शुद्ध शाकाहारी टेकाड झालं होतं. "इथंच बरं हाय," मानीबाई म्हणाली. "येतात, दोन दिस राह्यतात, जातात. जायच्या आंधी कोणी इचारणारं पाह्यजे नं त्याईले."

"सर," रामधन कानाशी येऊन म्हणाला, "तुमी शिकेल मानूस. समजावा तिले. हे भाऊ अर्ध्या घंट्यापासून डबा घिऊन उभे हायेत. त्याईच्या पोरीले पाहाले पाव्हणे येऊन राह्यले. मले आजच काप लागते." आणि त्याने पितळी तांब्या भरून देवीलालच्या हातात दिला. मानीबाईने तांब्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. "तूच टाक," ती म्हणाली.

देवीलाल उठून उभा राहिला. त्याने एका हाताने दोर धरला. त्या हातांना अजून सगळं येत होतं : मान कुशीत कशी घ्यायची, अंगठा शिंगाखाली कुठे टेकवायचा. त्याने पाणी सोडलं. ते काळ्या पाठीवरून दोन्ही बाजूंना ओघळलं, पोटाखाली थेंब लोंबले. बकरं उभं राहिलं. पालकाचं एक पान त्याच्या ओठातून बाहेर आलेलं होतं आणि ते सावकाश आत चाललं होतं. "अजून टाका," रामधन म्हणाला. त्याने अजून टाकलं. डबेवाला पुढे सरकला. त्याच्या घरी पाहुणे येणार होते, पोरीचं लग्न ठरायचं होतं, कोणाच्या ना कोणाच्या मांडीवर नेहमीच कोणीतरी असतं. तांब्या रिकामा झाला तेव्हा शेवटचं थोडं पाणी देवीलालच्या तळहातात राहिलं, आणि त्याची मूठ आपोआप मिटली. कान वीतभर अंतरावर होता. कोणाला कळलं नसतं. रामधनला हायसं वाटलं असतं, पोरीला पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना मटण मिळालं असतं, आणि त्याला स्वतःला तर काही खायचंच नव्हतं.

मानीबाई बकऱ्याकडे पाहत नव्हती. ती त्याच्या मुठीकडे पाहत होती.

त्याने हात बाजूला नेला आणि बोटं उघडली. पाणी त्याच्याच बुटांवर पडलं. "नाही म्हणतंय," तो रामधनला म्हणाला. आपला आवाज त्याला अनोळखी वाटला. रामधनने कपाळावर हात मारला, डबेवाला काहीतरी पुटपुटत पुढच्या दुकानाकडे गेला. तेव्हा कुठे मानीबाईने मुलाच्या हातावरची नजर काढली आणि उरलेली जुडी मोकळी करून बकऱ्यापुढे ठेवली.